जुन्या वाफेच्या इंजिनाच्या हेरिटेज रेल्वेने आपण प्रवास केला आहे का? तो अनुभव कसा होता?

होय, तमिळनाडूतील मेट्टुपाळयमहून उटीला जाणाऱ्या निलगिरी पर्वतीय रेल्वेने मी सहकुटुंब प्रवास केला आहे. मी मडगावचा. कुळ्याहून ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉककडे जाणारा आमचा मार्ग पोर्तुगीज अमदानीत १८८८ साली पूर्ण झाला आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो अरुंद मीटर गेजचा रुंद ब्रॉड गेज झाला. त्यामुळे मेट्टुपाळयमच्या फलाटावरून मीटर गेजचा रूळ दिसताच मला लहानपणीचा दूधसागर आठवला.

साम्य मात्र तिथेच संपते. आमच्या घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे आणि तो मागे जादा इंजिने लावून चढता येतो. निलगिरीत कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात तोच चढ साधारण १२ फुटांमागे एक फूट होतो, आणि तिथे नुसती चाके रुळावर घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत, ज्यांत इंजिनाखालचे दंतचक्र अडकते. इंजिन डब्यांच्या मागे राहून गाडी वर ढकलते. चाके फिरवणारे सिलिंडर वेगळे आणि दंतचक्र फिरवणारे वेगळे असल्याने, चढ सुरू होताच धापेची लयच बदलते. माझ्या मते या प्रवासातली सर्वांत ऐकण्यासारखी गोष्ट हीच. हिलग्रोव्हला इंजिन पाणी पिते तेव्हा सारे प्रवासी खाली उतरतात आणि माकडे खिडक्यांचा ताबा घेतात.

यांतली काही इंजिने स्वित्झर्लंडमध्ये घडलेली, तर काही अलीकडे तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्याच बनावटीने बांधलेली आहेत. नवे इंजिन मिळाले म्हणून हिरमुसू नये, काम तेच आहे. कुन्नूरच्या पुढे डिझेल इंजिन लागते, तेव्हा वेळ कमी असल्यास कुन्नूरलाच उतरावे.

आमच्याकडचे लोक दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरवतात, ते टाळावे. गोव्यातला पाऊस सरतो त्याच सुमारास तिथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि दरडी कोसळून गाडी अनेकदा बंद ठेवावी लागते. जानेवारीनंतरचे आरक्षण मात्र बरेच आधी करावे.