‘प्रूफ नाणे’ म्हणजे पुराव्याचे नाणे नव्हे

प्रश्न असा आहे: ‘कमेमोरेटिव्ह कॉइन’ला, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या आठवणीसाठी पाडलेल्या नाण्याला, स्मारक नाणे म्हणावे की स्मृतिनाणे? आणि अशा नाण्याच्या डबीवरच्या ‘प्रूफ’ला मराठी शब्द कोणता?

‘स्मारक’ म्हणजे आठवण करून देणारे, त्यामुळे ‘स्मारक नाणे’ चूक नाही. पण स्मारक म्हटले की मराठी माणसाला चबुतरा आणि पुतळाच दिसतो. स्मृतिचिन्ह, स्मृतिदिन यांच्या पंगतीत ‘स्मृतिनाणे’ सहज बसते. ‘ति’ ऱ्हस्वच.

मात्र हा शब्द फक्त विषय सांगतो. स्मृतिनाणे रोजच्या व्यवहारातही असू शकते. केवळ संग्राहकांसाठी पाडलेल्या नाण्याला काहीजण ‘चलनबाह्य’ म्हणतात, ते मात्र साफ चूक. चलनबाह्य म्हणजे कायद्याने रद्द झालेले. अमेरिकेचा १८९२ सालचा कोलंबस अर्धा डॉलर शिकागोच्या प्रदर्शनासाठी १ डॉलरला विकला गेला. खपला नाही तेव्हा उरलेली पुष्कळ नाणी ५० सेंटच्या दर्शनी किमतीला व्यवहारात आली. रद्द नाण्याला हे जमले नसते. ‘संग्राहक नाणे’ म्हणा.

खरी गोम ‘प्रूफ’मध्ये आहे. ‘पुरावा नाणे’ हे भाषांतर हास्यास्पद. हे प्रूफ छापखान्यातल्या प्रुफाचे भावंड: नवी डाय, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणारा साचा, तपासायला काढलेला पहिला ठसा. पुढे ती नाणे पाडण्याची खास पद्धत झाली. डाय आणि ठसा न उमटलेली धातूची चकती दोन्ही पॉलिश करतात आणि एकेका चकतीवर निदान दोनदा दाब देतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी चकाकते. त्यावर उठाव बहुधा धुरकट पांढरा ठेवतात. म्हणजे प्रूफ हा दर्जा नव्हे. कापडाने पुसून केसासारखे ओरखडे पडलेले नाणे दर्जात घसरते, तरी प्रूफच राहते. उलट साधे नाणे कितीही करकरीत असले तरी ते ‘अनसर्क्युलेटेड’, आपल्या भाषेत ‘कोरे’.

‘दर्पणी नाणे’ सुचते खरे, पण मॅट प्रूफला, म्हणजे न चकाकणाऱ्या मंद पृष्ठाच्या प्रूफला, आरसा नसतोच. ‘चाचणी नाणे’ म्हटले तर रचनेला मंजुरी मिळण्यापूर्वी पाडलेल्या नमुना नाण्याशी गल्लत होते. प्रुफे तपासणारी मराठी ‘प्रूफ नाणे’ही पचवेल. तेव्हा वाक्य असे: कोलंबस अर्धा डॉलर हे स्मृतिनाणे, त्यातली थोडी प्रूफ, काही अजून कोरी, बाकीची हाताळून झिजलेली.