वाचकांचे प्रश्न : शंभर रुपये गेले कुठे?

प्रश्न : काका, माझ्या दिरांची निफाडला शेती आहे. त्यांच्या कांद्याला आधी क्विंटलला १६०० रुपये मिळाले, पुढच्या खेपेला १२००. म्हणजे भाव २५ टक्क्यांनी पडला. मग १५०० झाला. व्यापारी म्हणाला, "२५ टक्के पडला होता, २५ टक्के चढला. फिट्टंफाट!" दिरांनी घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. दोन्ही टक्के बरोबर, तरी शंभर रुपये कमीच. मी बी.कॉम., म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. चूक कुणाची?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, टक्के दोन्ही बरोबर आहेत. 'फिट्टंफाट' तेवढं चूक.

दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मी एकतीस वर्षं दिवाणजी होतो. कुणी टक्का बोललं की आमचे शेठ वहीतून मान वर न काढता विचारायचे, "कुणाचा टक्का?" समोरचा गडबडायचा. पण प्रश्न तोच खरा. व्याजाच्या गणितात आपण द.सा.द.शे. लिहायचो ना, दर साल दर शेकडा? त्यातला शेकडा कशाचा, ते लोक विसरतात.

१६०० चे शंभर भाग करा. एक भाग १६ रुपयांचा. असे २५ गेले, म्हणजे ४०० गेले. आता हातात १२००. याचे शंभर भाग केले तर एक भाग १२ रुपयांचाच. असे २५ परत आले, म्हणजे ३००. पडताना टक्का सोळाचा, चढताना बाराचा. प्रत्येक टक्क्यामागे चार रुपये, पंचवीस टक्क्यांचे शंभर. तेच तुमचे शंभर रुपये.

कॅल्क्युलेटर नको असेल तर टोमॅटोचे चार क्रेट डोळ्यांसमोर आणा. एक उचलला, चारातला एक, २५ टक्के. उरले तीन. आता तोच परत ठेवायचा तर तो तिनातला एक झाला, म्हणजे ३३ टक्क्यांहून थोडा जास्त. भाव पुन्हा १६०० व्हायला एवढी चढ लागते. निम्मा पडला तर शंभर टक्के चढावा लागतो.

आणि आधी चढून मग पडला असता तर? १६०० चे २०००, त्यातून २५ टक्के गेले, पुन्हा १५००च. हे मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं, दोनदा मांडून बघितलं.

बोलताना 'पेक्षा' शब्दावर लक्ष ठेवा. 'पेक्षा'च्या आधी जो येतो, शेकडा त्याचा. १२०० हे १६०० पेक्षा २५ टक्के कमी, पण १६०० हे १२०० पेक्षा ३३ टक्के जास्त. अंतर दोन्हीकडे ४००च. व्यापारी 'पेक्षा' न म्हणताच निघून गेला, एवढंच. लबाडी केली असं मी म्हणणार नाही. यार्डात घाईत सगळेच असं बोलतात.

प्रश्न : गंगापूर धरणात समजा ४० टक्के साठा होता, पावसानंतर ५० झाला. मी म्हणतो १० टक्के वाढला, नववीतला मुलगा म्हणतो २५. कोण बरोबर?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दोघेही, फक्त शेकडे वेगळे. तुमचा शेकडा पूर्ण भरलेल्या धरणाचा, मुलाचा आधी असलेल्या पाण्याचा. चाळिसात दहा वाढले म्हणजे पाव हिस्सा वाढला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर, ६.५० टक्क्यांवरून ६.२५ केला, तेव्हा सगळे 'पाव टक्का कपात' म्हणाले. तो पाव टक्का कर्जाऊ रकमेचा. जुन्या दराशी ताडून पाहिलं तर कपात जवळपास ४ टक्क्यांची होती.

मुलाला मात्र उत्तरात 'आधीच्या साठ्यापेक्षा' हे शब्द लिहायला सांगा. नुसतं २५ लिहिलं तर मार्क जातील, आणि बाईंशी भांडायला तुम्हालाच जावं लागेल.