२००८ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार ओबामा आणि रिपब्लिकन उमेदवार मॅककेन यांच्या इराकविषयक भूमिकांत नेमका फरक काय होता?

मुख्य फरक सैन्य माघारीच्या मुदतीचा: ओबामा १६ महिन्यांत लढाऊ तुकड्या परत आणू म्हणत होते, मॅककेन मुदत बांधून घ्यायला तयार नव्हते. प्रचारातली भाषणं सोडा, आधीची नोंद बघा. इराक युद्धाला परवानगी देणाऱ्या ऑक्टोबर २००२ च्या ठरावाला सिनेटर मॅककेन यांनी होकार दिला, २००७ मध्ये इराकमध्ये पाठवलेली जादा सैनिकांची कुमकही उचलून धरली. ओबामांचा युद्धालाही विरोध होता आणि कुमकेलाही. फक्त २००२ मध्ये ते इलिनॉयच्या राज्य विधिमंडळात होते, त्यामुळे तो विरोध शिकागोतल्या भाषणातला, मतदानातला नव्हे. शिवाय त्यांना सरसकट युद्धविरोधी समजू नका (बरेच जण इथेच फसतात): अफगाणिस्तानात आणखी किमान दोन ब्रिगेड (काही हजार सैनिकांच्या तुकड्या) धाडू, हे ते प्रचारातच सांगत होते. अध्यक्ष झाल्यावर डिसेंबर २००९ मध्ये तर त्यांनी तिथे ३०,००० जादा सैनिक जाहीर केले.