शांघायला बास नेऊ का?

"दादा, बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन शांघायला येतोय. बास गिटार आणू की विकून टाकू? तिथे खरं अंडरग्राउंड संगीत आहे का?" असं तू विचारलंस. दोन दिवस उत्तर लिहून खोडतोय.

बास आण. व्हिसाचं सगळं दूतावास सांगेलच. मला छळलं ते नावाने: पदवीवर नाव एका क्रमाने, पासपोर्टवर वेगळ्या. दोघं एकच आहेत हे पटवण्यात सात आठवडे गेले. प्रतिज्ञापत्र तिकडूनच करून आण.

तू म्हणतोस तसं, मुख्य प्रवाहाबाहेरचं संगीत आहे, भरपूर आहे. यूयिनथांग हे बँड प्रत्यक्ष वाजवतात ते ठिकाण २००४ साली सुरू झालं. मी आलो तेव्हा ते काइश्वान रोडवर होतं. टॉप फ्लोर सर्कस हा बँड शांघायच्या बोलीत गायचा. शाळेत, ऑफिसात सगळीकडे मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी. त्यांच्या गाण्यात आजीची बोली ऐकून माझ्या सहकाऱ्याचे डोळे भरून यायचे. त्यानेच मला कापलेली सीडी दिली. नव्वदच्या दशकात परदेशातल्या न खपलेल्या सीडी कडेला कापून प्लास्टिकचा भंगार म्हणून चीनमध्ये यायच्या. त्यांना 'डाकोउ' म्हणत. सीडी आतून बाहेर वाजते, त्यामुळे बहुतेकदा शेवटचीच गाणी जायची. एक पिढी त्यावर रॉक शिकली.

आणि युंगफू रोडवरचं द शेल्टर, एक नाइट क्लब. खरोखरच जमिनीखालचा, हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी बांधलेला भुयारी निवारा. २००७ ला सुरू झालं, २०१६ च्या अखेरीस परवान्यापायी बंद पडलं. त्यातल्या मंडळींनी पुढे ऑल हा क्लब काढला. शेल्टरमधल्यासारखा खोल, घुमणारा बास मी आयुष्यात ऐकला नव्हता; छातीत वाजायचा.

माझ्या मुलीला शाळेने एक वर्ग खाली बसवलं. पाढे तोंडपाठ होते तिचे, फक्त मँडरिन येत नव्हतं. आजही ते आठवलं की चीड येते. शनिवारी सकाळी त्यासाठी बैठक होती. बायको एकटीच गेली, कारण मी पहाटे शेल्टरमधून येऊन झोपलो होतो. भारतात असताना बायको शिक्षिका होती, इथे तिला नोकरीची परवानगी नव्हती, आणि माझे शुक्रवार-शनिवार तर ठरलेलेच. दुसऱ्या वर्षी दोघी पुण्याला परतल्या. मी इथेच आहे.

मुलं सांभाळणाऱ्या बाईला इथे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. आल्या आल्या एक चांगली आयी शोध आणि पहिल्याच गिगला बायकोला सोबत ने. माझ्या बायकोला हे संगीत आवडणार नाही, हे मीच ठरवून टाकलं होतं. तिला एकदाही विचारलं नाही.