भाषांतर मशीनवरच होतंय की बाहेर जातंय?

प्रश्न : ऑफिसची जर्मन पानं मी ब्राउझरमध्येच इंग्रजीत करून वाचते, मजकूर गोपनीय असतो. भाषांतर तुमच्याच मशीनवर होतं असं लिहिलेलं असतं, मग पहिल्यांदा डाउनलोड कसलं चालतं? आणि माझा दोन शब्दांचा मराठी मेसेज तो हिंदी का समजतो?

उत्तर : डाउनलोड होतं ते मॉडेल, म्हणजे भाषांतर करायला शिकवलेली फाइल. म्हणजे मजकूर बाहेर जात नाही, भाषांतर करणाराच तुमच्याकडे येतो, आणि एकदा आला की त्या भाषेपुरतं परत डाउनलोड लागत नाही. पण सगळे ब्राउझर एका माळेत ओवू नका. फायरफॉक्समध्ये सप्टेंबर २०२३ च्या ११८ व्हर्जनपासून अख्खं पान मशीनवरच भाषांतरित होतं, हे आलंय युरोपियन युनियनच्या पैशांवर चाललेल्या बर्गामोट प्रोजेक्टमधून, ज्यात मोझिलासोबत एडिनबरा, प्राग इथली विद्यापीठं होती. क्रोमचं नेहमीचं पान भाषांतर मात्र मजकूर गुगलच्या सर्व्हरकडे पाठवतं, त्यामुळे गोपनीय काही असेल तर ते बटण नकोच. भाषांतराचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, टाकलेलं असेल तर त्याचा हिशोब आणखी वेगळा.

खात्री करायची तर सोपं आहे, मॉडेल आधी उतरवून ठेवा, पान पूर्ण उघडू द्या, वायफाय बंद करा आणि मग भाषांतर करा. झालं तर मशीनवरच होतंय. कंपनी काय लिहिते त्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

आता हिंदीचं. भाषा ओळखणारा डिटेक्टर अर्थ वाचत नाही हो, तो अक्षरांचे बारके तुकडे बघतो आणि कुठल्या भाषेत असे तुकडे जास्त येतात त्याचा अंदाज बांधतो. 'उत्तम विचार' एवढंच लिहिलंत तर ते हिंदीतही चालतं, नेपाळीतही चालतं, लिपी तर तिघांची एकच, मग त्याने ओळखायचं कशावरून? त्याच्यापुढे 'आहे', 'आणि', 'वेळ' असलं काही आलं की गाडी लगेच रुळावर येते. तोवर भाषा हाताने निवडा, अजिबात कमीपणा नाही त्यात.

प्रश्न : माझ्या साइटवर लोक कुठल्याही भाषेत अभिप्राय लिहितात. क्रोमचं ट्रान्सलेटर एपीआय (साइटच्या कोडमधून ब्राउझरकडून भाषांतर करून घ्यायची सोय) लावून ते आपोआप मराठीत दाखवू का?

उत्तर : लावा, पण आपोआप नको. हे एपीआय आणि सोबतचं लँग्वेज डिटेक्टर २०२५ मध्ये क्रोम १३८ पासून डेस्कटॉपवर आलं, मोबाइलवरच्या लोकांचं काय ते तुम्हालाच बघावं लागेल, दुसऱ्या ब्राउझरमध्ये ते असेलच असंही धरू नका. भाषांची जोडी, म्हणजे कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत, उपलब्ध आहे का ते कोडमधून एपीआयला आधी विचारायचं, मॉडेल उतरवायचं असेल तर युजरने क्लिक केल्याशिवाय ते सुरू होत नाही, म्हणून 'भाषांतर दाखवा' असं बटणच द्या आणि डाउनलोड किती झालं तेही दाखवा, नाहीतर लोकांना वाटतं साइट अडकली. डिटेक्टर एक भाषा देत नाही, शक्यतांची यादी देतो, प्रत्येकीपुढे ० ते १ मधला आकडा. पहिलं नाव डोळे झाकून उचलू नका, आकडा कमी असेल किंवा मजकूर एकदोन शब्दांचा असेल तर लिहिणाऱ्यालाच भाषा विचारा. आणि मूळ मजकूर कधीच लपवू नका.