दुर्बीण नाही, शाळा दिवसाची. मग सहावी-सातवीला खगोलशास्त्र प्रत्यक्ष करून कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की शाळा इंदूरची आहे, दुर्बीण नाही, पैसे नाहीत आणि वर्ग दिवसा भरतो. मी याच गावात बावीस वर्षं विज्ञान-गणित शिकवलं. दुर्बीण मलाही शेवटपर्यंत मिळाली नाही. थर्माकोलच्या सूर्यमाला मात्र कपाटावर ढिगाने साचल्या. आई-बाबांनी रात्री जागून रंगवलेले ते गोळे. त्यातून पोरांना कळतं एवढंच की शनीला कडं असतं. ते एक तेवढं करू नका.

काठीपासून सुरुवात करा. एक मीटरची सरळ काठी मैदानात ओळंबा लावून उभी करा. काठी तिरकी राहिली तर पुढचं सगळं मुसळ केरात. मग विचारा, सगळ्यात छोटी सावली किती वाजता पडेल? उत्तर वहीत पेनने लिहून घ्या. सगळे 'बारा' लिहितात. साडेअकरापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत राहायचं. बारा वाजून जातात आणि सावली आखूड होतच राहते! "मॅडम, तुमचं घड्याळ पुढे आहे," अशी ओरड झाली की समजा तास सार्थकी लागला. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आणि इंदूर 75.9 अंशांच्या जवळ. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरच्या रेषेत सरासरी साडेसव्वीस मिनिटं उशिरा येतो. हीसुद्धा सरासरीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती वेळ 12:10 च्या सुमारास असते, फेब्रुवारीच्या मध्याला 12:40 च्या. त्याची कारणं (लंबवर्तुळाकार कक्षा, कललेला अक्ष) सहावीला सांगत बसू नका. आकडे वहीत राहू द्या, नववीत उपयोगी पडतील.

खुणा खडूने करू नका. स्वच्छतेत नंबर काढणारं गाव आपलं. मधल्या सुट्टीत ताईंनी आमचा अख्खा प्रयोग पाणी टाकून धुऊन काढला होता. तेव्हापासून मी खिळे ठोकायला लागले.

हीच काठी वर्षभर कामाला येते. 21 मार्चच्या सुमारास भरदुपारची सावली 42 सेंटिमीटर भरते, 22 डिसेंबरला 104, म्हणजे काठीहून लांब. मार्चच्या सावलीवरून कागदावर काठी-सावलीचा त्रिकोण काढला आणि काठीच्या वरच्या टोकाशी कोनमापक लावला की 22-23 अंश येतात. तो इंदूरचा अक्षांश. नकाशा न उघडता मिळालेला! शून्य सावलीचे, म्हणजे भरदुपारी काठीची सावलीच पडत नाही असे दिवस आपल्याकडे 6 जून आणि 6 जुलैच्या आसपास येतात. एक सुट्टीत जातो, दुसरा ढगांत. म्हणून जूनचा दिवस सुट्टीचा अभ्यास म्हणून देऊन टाका.

पुण्यात कुणाची मावस-चुलत भावंडं असतातच. एकाच दिवशी त्यांनी तिकडे आणि आपण इकडे, आपापल्या सगळ्यात छोट्या सावलीच्या वेळी कोन मोजायचा. फरक 4.2 अंशांच्या जवळ यायला हवा. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या दोन गावांवरून पृथ्वीचा घेर असाच काढला. एकच खोच आहे. पोरं बसच्या रस्त्याचं अंतर धरतात आणि घेर भलताच मोठा येतो. इथे लागतं ते फक्त उत्तर-दक्षिण अंतर, सुमारे 467 किलोमीटर, नकाशावर पट्टीने मोजलेलं. त्याला 360 ने गुणून 4.2 ने भागलं की 40 हजार येतात. कोन मोजताना अर्धा अंश चुकला तरी उत्तर चार-पाच हजारांनी हलतं. ते लपवू नका, कुठे चुकलं यावर वर्गाला भांडू द्या.

माझा सगळ्यात लाडका प्रयोग आरशाचा. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवा, त्याला नखाएवढं चौकोनी भोक पाडा. आरसा बाहेर उन्हात ठेवून कवडसा दहा मीटरवरच्या अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडा. भोक चौकोनी, कवडसा मात्र गोल, नऊ-दहा सेंटिमीटरचा! कारण ते सूर्याचं चित्र आहे. त्याभोवती पेन्सिलने गोल काढा आणि गप्प बसा. दोनेक मिनिटांत कवडसा त्या गोलाबाहेर निघून जातो. पृथ्वी फिरते हे पाठ असलेली पोरंही तेव्हा चिडीचूप होतात. मग अंतराला कवडशाच्या व्यासाने भागा. आमचं 98 आलं होतं, खरं 107 च्या आसपास. सूर्याचं अंतरही त्याच्या व्यासाच्या तितकेच पट, म्हणून त्या पंधरा कोटी किलोमीटरला याने भागलं की सूर्याचा व्यास हाती येतो. आरशात किंवा सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, हे मात्र दरडावून सांगा.

चंद्राच्या कलांसाठी अंधाऱ्या खोलीत एक बल्ब आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला टोचलेलं मोसंबं पुरतं. आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. डावीकडे गिरकी घेत मोसंब्याचा उजळ भाग बघायचा. बल्बकडे पाठ केल्यावर मोसंबं डोक्याहून जरा वर धरा, नाहीतर दर पौर्णिमेला ग्रहण लागेल. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं निम्मा वर्ग आधी म्हणतो; तेही लिहून घ्या. मग संकष्टीचा विषय काढा. आई नऊ-साडेनऊपर्यंत का ताटकळते? पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो. चार दिवसांचा हिशेब पोरंच मांडतात. आपल्या वर्गात अजून एक मजा आहे. गोकुळाष्टमी मराठी पोरांच्या घरी श्रावणात आणि शेजारच्या हिंदी घरात भाद्रपदात, दिवस तोच. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. हे मी ठरवून शिकवलं नव्हतं, दोन मुलींच्या वादातून निघालं.

उज्जैनच्या वेधशाळेची सहल हे सगळं झाल्यावर काढा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ती वेधशाळा पुढे मोडकळीला आली होती, 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. आधी गेलात तर पोरं फोटो काढून डब्याकडे वळतात. काठीचा प्रयोग केलेला वर्ग त्याच आठवड्यात गेला, तर तिथल्या सम्राट यंत्रावरची (म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळावरची) वेळ आणि मनगटावरची वेळ ताडून वजाबाकी करतो, आणि शाळेच्या मैदानात निघालेलीच मिनिटं तिथेही निघतात, कारण उज्जैन आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे.