कौलाखालचे पिल्लू

प्रश्न : डॉक्टर, आमचे घर सावईवेऱ्याला, मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग. पावसाआधी कौले परतायला गडी आले होते. कोपऱ्यातली कौले काढल्यावर तासाभराने न्हाणीमागच्या चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) ढिगात एक काळपट पिल्लू कुंईकुंई करताना दिसले. मांजराच्या पिल्लाएवढे, पण नाक लांबट. गडी म्हणाले, कांडेचोराचे. मुलाने खोक्यात ठेवून दूध पाजले, अर्धे नाकातून बाहेर आले. सासूबाई म्हणतात, माणसाचा हात लागला, आता आई घेणार नाही. मुलाला ते पाळायचे आहे. काय करू?
– एक वाचक भगिनी, सावईवेरे

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत पिल्लू थांबणार नव्हते, म्हणून तुम्हाला त्याच संध्याकाळी फोन केला. इतरांकडेही मे महिन्यात कौले निघतात, म्हणून तेच बोलणे इथे लिहितो.

पहिले, दूध बंद. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे असेच एक पिल्लू आले होते. मी त्याला उताणे धरून ड्रॉपरने गाईचे दूध पाजले. शिक्षण सगळे गाई-म्हशींचे, पण ऐट अशी की जणू जंगल कोळून प्यालोय! दूध श्वासनळीत गेले आणि तिसऱ्या दिवशी ते पिल्लू मेले. नीट पोटात गेले असते तरी गाईचे दूध त्याला पचत नाही, हगवण लागते. भुकेपेक्षा आधी गारठा मारतो. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, एवढेच आपले काम.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. हे पोरके नाहीच. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, दिवसा माळ्यावर किंवा माडाच्या शेंड्यात झोपते आणि रात्री हिंडते. छप्पर उघडले, आई बिचकून पळाली, पिल्लू घसरले. अंधार पडला की ती शोधायला येते आणि मानेला धरून एकेक पिल्लू हलवते. एका वेतात दोन ते पाच असतात, तेव्हा बाकीची माळ्यावर आहेत का, ते गड्यांना लांबूनच बघायला सांगा.

खोके उघडेच, बाजू बुटकी, सापडले त्याच जागी. कुत्रा बांधा, मागचा दिवा मालवा आणि सगळे आत जा. खिडकीतून मोबाईलचा उजेड मारू नका, हे मुलाला मुद्दाम सांगा. सकाळी पिल्लू तिथेच असले, किंवा जखमी असले, तर वनखात्याला कळवायचे. पाळणे तर सोडाच : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. शिवाय त्याला घरची सवय लागली की पुढे ना घरचे, ना कुळागरातले.

मुलाला ओरखडा उठलाय, हे तुम्ही बोलता बोलता सांगितले. मला तीच गोष्ट आधी ऐकायला हवी होती! साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि आजच आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लस घ्यायची की नाही ते तिथला डॉक्टर ठरवेल, मी किंवा शेजारी नाही.

गड्यांचे म्हणणे, ‘हे सूर पिते, केळी खाते, हाकलाच’. सूर, म्हणजे माडाची ताडी, पिते, खरे आहे. रेंदेराच्या, म्हणजे ताडी काढणाऱ्याच्या, मडक्यात तोंड घालणारे म्हणून इंग्रजांनी त्याला ताडीमांजरच म्हटले. पण तेच भिल्लमाडाची फळे खाऊन बिया रानभर टाकत हिंडते, उंदीरही मारते. चार केळी गेली तर गेली. आणि रात्री अंगणात सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा वास येत असेल, तर तो शेजारणीच्या चुलीचा नव्हे, याच कांडेचोराचा.

दुसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला. साडेदहाच्या सुमारास ढिगात खसखस झाली, सकाळी खोक्यात नुसते फडके आणि गार बाटली. मुलगा रुसलाय म्हणे. रुसू दे. त्या कोपऱ्याचे मात्र विचारायचे राहिले होते ना? माळ्यावर बाकीची पिल्ले असतील, तर पंधरा दिवस तिथली कौले परतू नका, वर ताडपत्री बांधा, कडेने एक फट ठेवून.